तार आधी, वायफाय नंतर: घरच्या ऑफिसात राउटर बसवताना

"ताई, माझा आवाज मुलांपर्यंत पोचतच नाहीये!" मागच्या खोलीतून धाकट्या बहिणीची हाक आली, तेव्हा पुढच्या खोलीत माझी फाइलही ७२ टक्क्यांवर अडकून बसली होती. आमच्या घरात दोन कामं चालतात, पुढे माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आणि मागे तिचा ऑनलाइन वर्ग. कनेक्शन देताना कंपनीने भिंतीवर जो डबा बसवून दिला होता, त्याचं वायफाय दोघींना पुरत नव्हतं. म्हणून स्वतंत्र राउटर आणला. अर्ध्या तासाचं काम असं धरून शनिवारी सकाळी खोकं उघडलं, आणि सगळं मनासारखं झालं ते सोमवारी रात्री.

राउटर उलटा केला की खाली एक स्टिकर असतो. त्यावर वायफायचं मूळ नाव, पासवर्ड आणि सेटिंगचं पान उघडायचा पत्ता असतो. पहिलं काम म्हणून त्याचा फोटो काढून ठेवला, कारण राउटर एकदा जागेवर बसला की तो स्टिकर वाचायला पुन्हा सगळं खाली काढावं लागतं. मागे पाच सॉकेट होती. चार एका रंगाची, ती लॅनची, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटर-प्रिंटरसाठी. एक निराळ्या रंगाचं, ते वॅन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी. कंपनीच्या डब्यातून निघालेली छोटी केबल वॅनमध्ये लावली, दुसऱ्या केबलने लॅपटॉप लॅनला जोडला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाइप केलं. पान उघडलं. नाव दिलं, पासवर्ड दिला, सेव्ह केलं. वायफाय सगळ्या फोनवर दिसू लागलं, पण इंटरनेटचा दिवा लालच.

मी राउटर तीनदा बंद-चालू केला, मागचं रिसेटचं छिद्र पिनने १० सेकंद दाबून सगळं पहिल्यापासून केलं. फरक शून्य. मग सेटिंगच्या स्टेटस पानावर गेले आणि तिथे दोन ओळी नीट वाचल्या. राउटरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१. आणि बाहेरून, म्हणजे कंपनीच्या डब्याकडून त्याला मिळालेला पत्ता १९२.१६८.१.७. कंपनीचा डबा स्वतःसुद्धा १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरत होता.

अडचण इथेच होती. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कुणीही आपल्या घरात, ऑफिसात वापरावेत, ते बाहेरच्या इंटरनेटवर जात नाहीत. त्यामुळे लाखो घरांत तेच पत्ते असले तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण इथे एकाच घरात, एकामागे एक लावलेले दोन डबे पत्त्यांची तीच रांग वाटून देत होते. १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता आतला समजायचा की बाहेरचा, हे माझ्या राउटरला ठरवता येईना. काही राउटर हा गोंधळ ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात, माझा बदलत नव्हता. मी त्याचा घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ केला. सेव्ह करताक्षणी पान गायब झालं आणि जरा धस्स झालं. पण लॅपटॉप अजून जुनाच पत्ता धरून होता, एवढंच. केबल काढून परत लावली, नवा पत्ता मिळाला, नव्या पत्त्यावर पान उघडलं, आणि दिवा हिरवा.

इथे थांबता आलं असतं. पण आता घरात दोन राउटर एकाच्या पोटात एक चालू होते. ब्राउझिंगला त्याने काही होत नाही. मला मात्र बाहेरगावी असताना ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडावं लागतं, आणि दोन ठिकाणी पत्ते बदलत गेले की बाहेरून आत यायची वाट दोन्हीकडे उघडून द्यावी लागते. शिवाय डब्याचं स्वतःचं वायफाय विनाकारण हवेत गर्दी करत होतं. म्हणून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पहिल्या माणसाने पुन्हा बंद-चालू करायला सांगितलं. दुसऱ्यांदा फोन उचलला त्या दादांना मात्र काम माहीत होतं.

"दादा, तुमचा डबा ब्रिज मोडला टाकून द्याल का? राउटरचं सगळं काम माझा राउटर करेल."

"देतो मॅडम. पण मग लॉगिन तुमच्या राउटरमध्ये टाकावं लागेल. पीपीपीओई निवडा, युजरनेम-पासवर्ड मेसेजवर पाठवतो."

ब्रिज मोडमध्ये डबा इंटरनेट नुसतं पुढे पाठवतो, आणि पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन इंटरनेटला जोडायची पद्धत. मेसेज आला, भरलं, आणि पानावर लाल अक्षरांत 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. पुन्हा भरलं, तेच. दादा फोनवरच थांबले होते. "मॅडम, पासवर्डचं शेवटून तिसरं अक्षर काय टाकलंत? ते शून्य आहे, ओ नाही." मेसेजच्या अक्षरांत दोन्ही सारखेच दिसत होते. बदललं आणि पाच-सहा सेकंदांत जोडणी झाली. ज्यांचं कनेक्शन पीपीपीओईवर आहे त्यांनी हे लॉगिन राउटरला हात लावायच्या आधीच मागून घ्यावं. रिसेट दाबला की राउटरमधलं पुसलं जातं, आणि मग ते हाताशी नसेल तर कंपनीचा फोन लागेपर्यंत घर बंद.

रविवारी बहिणीच्या खोलीकडे वळले. राउटर कंपनीच्या डब्याशेजारीच होता, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि लोखंडी कपाटाच्या मागे. फोनवर सिग्नल मोजायचं एक साधं ॲप टाकलं. मागच्या खोलीत आकडा आला उणे ८१ डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात. हे आकडे उणेच असतात, शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. व्हिडिओ कॉल निर्धास्त चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा असं मानतात. उणे ८१ ला कॉल तुटणारच.

तरी मी सकाळचे दोन तास सेटिंगमध्ये घालवले. ट्रान्समिट पॉवर, मोड, एक ना दोन. त्यातल्या कशानेच आकडा हलला नाही, आणि हलणार तरी कसा, मध्ये लोखंडाचं कपाट उभं होतं. रेडिओलहरी विटांच्या भिंतीतून थोड्याफार जातात, लोखंडातून जात नाहीत. आरशाच्या मागच्या मुलाम्याचं आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीचंही तसंच, लहरी तिथे अडतात किंवा मुरतात. राउटरला मोकळी, उंच आणि घराच्या मध्याजवळची जागा लागते. आमच्याकडे तशी जागा म्हणजे दोन्ही खोल्यांमधल्या बोळातला फडताळाचा वरचा कप्पा. भिंतीतून तिथपर्यंत एक जुनी केबल आधीपासून टाकलेली होती. तिचं एक टोक कंपनीच्या डब्याला लावलं, दुसरं राउटरच्या वॅनला. अँटेना सरळ उभ्या केल्या, कारण उभ्या अँटेनाची लहर आडवी चहूकडे पसरते आणि आमचं घर एकाच मजल्यावर आहे. मागच्या खोलीत आकडा आला उणे ५८. दर १० डीबीला शक्ती दहापट होते, म्हणजे २३ डीबीच्या फरकाने बहिणीच्या लॅपटॉपपर्यंत सुमारे दोनशेपट शक्ती पोचू लागली, तीही नवं काही विकत न घेता.

मी खूश होऊन वेग मोजला आणि थबकले. आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. शनिवारी डब्याशेजारी तारेने जोडून मोजला होता तेव्हा १९० च्या वर होता. आता वायफायवर ९३. लॅपटॉप राउटरला तारेने जोडला, ९४. पुन्हा मोजला, ९४. हवेतला वेग खालीवर होत राहतो. तारेवरचा वेग दर वेळी एकाच आकड्यावर अडत असेल तर कुठेतरी त्याची वाटच तेवढी अरुंद आहे. आणि ९४ हा आकडा नेटवर्कचं काम करणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून डेटासोबत जाणाऱ्या वरच्या माहितीचा खर्च वजा केला की हातात साधारण एवढंच उरतं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनची जोडणी खरोखरच १००० ऐवजी १०० दिसत होती.

संशय त्या भिंतीतल्या जुन्या केबलवर. टॉर्च घेऊन प्लग डोळ्यांजवळ धरला. पारदर्शक प्लास्टिकमध्ये आठ बारीक तारा ओळीने बसलेल्या असतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. सात तारा पुढच्या भिंतीला टेकलेल्या होत्या. आठवी, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिली होती आणि तिच्यावरची पितळी पट्टी नुसत्या प्लास्टिकवर दाबलेली होती. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र आठही तारा लागतात. म्हणून केबल बंद पडली नव्हती, अर्धवट चालत होती, आणि इतके दिवस कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. केबलचं काम करणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने टोक कापलं, तारा सरळ करून एका रेषेत छाटल्या, नवा प्लग घातला आणि क्रिंपरने दाबला. दहा मिनिटांचं काम. जोडणी १००० वर गेली, तारेवर वेग १९२.

त्या दिवसापासून माझ्या मनात क्रम पक्का बसला आहे: नेट मंद वाटलं की आधी लॅपटॉप तारेने राउटरला लावून मोजायचं. तारेवर वेग नसेल तर वायफायच्या सेटिंगला हातच लावायचा नाही.

सोमवार हवेसाठी, म्हणजे वायफायच्या लहरींसाठी ठेवला होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल तेरापर्यंत दिसतात, पण दोन शेजारच्या चॅनेलमध्ये फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतर असतं आणि एक नेटवर्क सुमारे २० मेगाहर्ट्झ व्यापतं. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच धरतात, १, ६ आणि ११. ॲपमध्ये पाहिलं तर ६ वर सात नेटवर्क आणि १ वर दोन. मी १ घेतलं, रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० केली. ४० केल्याने कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण दाट वस्तीत जवळजवळ सगळ्यांशीच टक्कर होते. लॅपटॉप आणि फोनसाठी ५ गिगाहर्ट्झ. तिथे गर्दी कमी आणि वेग जास्त, फक्त भिंतींपुढे दम लवकर संपतो. तिथे मी चॅनेल १०० निवडलं आणि नेटवर्कच दिसेनासं झालं. बिघाड नव्हता. ५ गिगाहर्ट्झची काही चॅनेल रडारशी वाटून घेतलेली आहेत, त्यामुळे तिथे बोलायच्या आधी राउटरला किमान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं आणि रडार आढळलं तर ते चॅनेल सोडावं लागतं. वर्ग चालू असताना असं झालेलं परवडणार नाही, म्हणून ३६ वर आणून ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ प्रिंटरने घेतला. त्याला फक्त २.४ कळतं, आणि राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं. दोन वेगळी नावं केली. तरी जोडेना, कारण सुरक्षा मी निव्वळ डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा-पद्धतीवर ठेवली होती. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, प्रिंटर त्याच्या आधीचा. २.४ वर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडल्यावर लगेच जोडला गेला. त्याचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला, १९२.१६८.५०.२०. आधी दर काही दिवसांनी त्याला नवा पत्ता मिळायचा आणि कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन' दिसायचं, ते थांबलं.

उरलेली कामं पटापट झाली, पण ती कुणी सोडू नयेत. ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलला. माझ्याकडे ग्राहकांचे हिशेब असतात, त्यामुळे येणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलं, तिथून ऑफिसचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफायला जोडायची सोय, बंद केली. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढता येतो. म्हणजे कोट्यवधी नव्हे, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. हे २०११ सालीच उघड झालंय, तरी अनेक राउटरवर ती सोय चालू स्थितीत येते. फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट केला, तोही लॅपटॉप तारेने जोडून, आणि तो पूर्ण होईपर्यंत स्विचजवळ कुणाला जाऊ दिलं नाही.

सोमवारी रात्री बहिणीने दीड तासाचा वर्ग एकदाही न तुटता घेतला. तिच्या खोलीच्या पलीकडे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मात्र आकडा अजून उणे ७४ च आहे, आणि उन्हाळ्यात ती तिथेच बसते. तिथपर्यंत नवी केबल टाकून कंपनीने आधी दिलेला एक जुना राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा डबा, म्हणून लावणार आहे. त्याचं पत्ते वाटायचं काम बंद करायचं, त्याला १९२.१६८.५०.२ द्यायचा आणि २.४ ला चॅनेल ११. केबल भिंतीत जायच्या आधी दोन्ही टोकांच्या आठही तारा टेस्टरवर तपासून द्यायच्या, हे त्या मुलाला सांगून ठेवलंय.