दगडफूल

मंगळवार, रात्र. झोप नाहीच.

सकाळी लक्ष्मीपुरीत चटणीचं सामान घेत होते. ब्याडगी, संकेश्वरी, धणे, खोबरं, तीळ, खसखस, सगळं पटापट सांगितलं. आणि मग ते. काळपट, वाळक्या पापुद्र्यासारखं, हातात घेतलं तर वजनच नसतं. वास नाकात येतोय, नाव काही येईना. चोवीस उन्हाळे चटणी केलीय मी. दुकानदार थोडा वेळ थांबला, मग हळूच म्हणाला, "वैनी, दगडफूल ऱ्हायलं न्हवं?"

तर मी खेकसले. "म्हाईत हाय मला!"

माहीत नव्हतं की.

मिरची कांडायच्या डंकावर नंबर लावून बसले तरी तेच कानात. विसरल्याचं एवढं नाही, माणूस विसरतो. पण तो बिचारा मदत करत होता.

माझ्या ऑपरेशनबद्दल 'पिशवी काढली' एवढंच सगळे म्हणतात. आत्तीसुद्धा पाहुण्यांना तेच सांगतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली, हे कुणी बोलत नाही. कागदावर सही माझीच होती, पण म्हणजे काय होणार ते मला कुणी नीट सांगितलं नाही. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते, आणि अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याच्या आधीपासून काही वर्षं चढत-उतरत कमी होतं. माझं बेचाळिसाव्या वर्षी, चार-आठ दिवसांत खल्लास.

राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंनी परवा चित्र काढून दाखवलं. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून जागा आहे, नवं लक्षात ठेवायचं काम तिचं. तिथल्या पेशींना इस्ट्रोजेन लागतं. अंडाशयं काढलेल्या उंदरांच्या मेंदूत त्या पेशींवरचे बारीक काटे विरळ होतात आणि इस्ट्रोजेन दिलं की परत फुटतात. बायकांवरही बघून झालंय. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या बार्बरा शेर्विन यांनी १९८८ साली माझ्यासारखंच ऑपरेशन झालेल्या बायका घेतल्या. काहींना हार्मोनचं इंजेक्शन, काहींना बिनऔषधाचं. बिनऔषधवाल्यांची आठवण कमी पडली. म्हणजे मी जन्मले-वाढले तोवर हे कुणाला तरी माहीत होतं. मला सोडून.

हे ऐकून आधी रडू आलं. स्वतःचीच कीव. आईचंही त्या वयात... लोक म्हणायचे अंगात येतं तिच्या. जाऊ दे.

पण मग दुकानात खेकसलं कोण? इस्ट्रोजेन नाही म्हणून खेकसले, असं म्हटलं की सोपं होतं. रात्री तीनदा घामानं उठायचं, चादर बदलायची, सहाला डबा करायचा, त्यावर कुणीही चिडेल. पण खरं सांगू? ओरडल्यावर क्षणभर बरं वाटलं होतं. तेच खुपतंय. चोवीस वर्षं जे पोटात ठेवलं ते त्या दुकानदारानं का ऐकावं? ऐकायचं होतं ते इथं घरात झोपलेत, घोरतायत.

इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्यायच्या का, ते मॅमोग्राफी झाल्यावर ठरेल. संध्याकाळी यांनी मोबाइल पुढं धरला: २००३ मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढच्या बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्या दिल्या, तर स्मृतिभ्रंश वाढला. "मी काय पासष्टीची आहे?" म्हटलं. आवाज तोच, दुकानातला. हे गप्प पान लावायला बसले. मला हसू आलं, यांना दिसू दिलं नाही.

मघाशी डबा उघडला, तर दगडफुलाची एक पुडी आधीचीच आत. गेल्या सोमवारी आणलेली, चिठ्ठीवर माझंच अक्षर. म्हणजे सोमवारी नाव आठवत होतं!

एक परत करायला हवी. पण त्याला तोंड कोण दाखवणार? दोन्ही घातल्या. यंदाची चटणी जरा काळीच होईल. जाऊबाई विचारतीलच.