एटीव्हीचा पुढचा ब्रेक: उभ्या गाडीत कडक, फेरी मारली की पोकळ

माझ्या एटीव्हीच्या, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या चारचाकी मोटरबाइकच्या, पुढच्या ब्रेकची हवा काढून झाली. जुनं ऑइल काळपट तपकिरी निघालं. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या गाडीचं असंच होतं, डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो झपाट्याने उतरतो. वर्षा-दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) हवा काढायचं निपल उघड-बंद करून सगळी हवा निघेना. हँडलजवळ, ऑइलची नळी जोडणाऱ्या बँजो बोल्टपाशी बुडबुडा अडकून बसतो. म्हणून हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल उपसून, कॅलिपरच्या निपलमधून सिरिंजने नवं ऑइल खालून वर ढकललं. हवेला वरच जायचं असतं, तिच्या वाटेने तिला जाऊ द्यायचं. मग लिव्हर रात्रभर हँडलला बांधून ठेवला. सकाळी दगडासारखा कडक.

तरी बांधावरून एक फेरी मारली की पहिला दाब थेट हँडलला टेकायचा आणि दुसऱ्या दाबाला लिव्हर पुन्हा कडक! खरी मेख इथेच आहे. हवा उरली असती तर उभ्या गाडीतही मऊ लागला असता. मास्टर सिलिंडरचं (लिव्हरने ऑइलवर दाब देणारा पंप) सील गेलं असतं तर दाबून धरल्यावर लिव्हर हळूहळू बसत गेला असता. तो तसूभर हलत नव्हता. पॅड तेलकट असते तर लिव्हर कडक राहून गाडी थांबली नसती. खड्ड्यांतून गेल्यावरच बिघडतं, म्हणजे डिस्क डुगडुगते आणि पॅड-पिस्टन मागे ढकलते; पहिला दाब ती फट भरण्यातच जातो.

जॅक लावून डावं चाक वर-खाली हलवलं. खडखड स्पष्ट. भावाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तर प्ले (ढिलेपणा) गायब. म्हणजे चाकाचं बेअरिंगच, बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) ढिला असता तर ब्रेक धरूनही चाक हललं असतं. उघडलं तर सील फाटलेलं, आत तांबडा चिखल.

बेअरिंग नव्या सीलसकट बदललं. हात लागलाच होता म्हणून कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गंजलेल्या स्लायडर पिनाही घासून घेतल्या. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा, साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात.

आता चिखलातून आल्यावरही पहिलाच दाब धरतो. उजव्या चाकात किंचित प्ले जाणवतोय, त्याचं बेअरिंग मागवलंय. मागच्या पेडलचं ऑइल त्यानंतर.