शाळेच्या भिंतीपासून शंभर यार्ड

आमच्या पेठेतल्या शाळेत दातांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या वर्गातल्या मुलांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालायची. बहुतेकांची सहज गेली. नववीतल्या एका मुलाची दोनच गेली, तिसरं दाताला अडलं. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याचा गाल आतून दाखवला. कातडी पांढरट पडली होती आणि ताणल्यासारखी ताठ झाली होती. हा सबम्युकस फायब्रोसिस, सुपारीनं होतो. ताठरलेली जागा पहिल्यासारखी मऊ होत नाही आणि पुढं तिथंच कर्करोग होण्याचा धोका असतो. मुलगा मावा खात होता. कुठून घेतोस म्हणून विचारलं, तर त्यानं खिडकीतून बोट केलं.

खिडकीतून दिसत होती ती फाटकासमोरची पानपट्टी. तिच्या शेजारी आणखी एक खोकं आणि मागच्या गल्लीत किराणा दुकान. तिन्हीकडे मावा मिळायचा. सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून तळव्यावर घोळायचा आणि पुडी बांधून द्यायची, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. शिक्षणहक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. सहीपुरती बैठक घेऊन उठायचं की काही करायचं, हे आपल्यावर आहे. त्या बैठकीत नेहमीप्रमाणं ‘प्रबोधन करूया’ असं ठरत होतं. व्याख्यानं, प्रभातफेरी, पोस्टर हे सगळं आधीच झालं होतं आणि मुलगा ते पोस्टर ओलांडूनच पुडी आणत होता. मी म्हटलं, पुडी जिथं मिळते ती जागाच हलवूया. त्यासाठी कायदा आहे.

सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा हा कायदा २००३ चा आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ६ मध्ये दोन गोष्टी आहेत. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती कुणालाच विकायची नाही, मग गिऱ्हाईक साठ वर्षांचं का असेना. दंड दोनशे रुपयांपर्यंत. एवढ्याशा दंडानं काय होणार, असं बैठकीतच दोघांनी विचारलं. पण आम्हाला दंड नको होता, अंतर हवं होतं. मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून पुडी घेणं आणि दोन चौक चालत जाऊन घेणं यात तेरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत फार मोठा फरक आहे.

शिवाय कोटपा एकटा नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, ती अन्नसुरक्षा कायद्याखाली. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही तिच्यात आली. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणं मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सुटी सिगारेट-बिडी विकायलाही राज्यात २०२० पासून मनाई आहे. ही कलमं अर्जात एकाखाली एक मांडल्यावर अर्जाला वजन आलं.

खरी मेहनत मापात गेली. पानपट्टीवाले मामा म्हणाले, ‘वैनी, फाटकापासून मोजा की. रस्त्यानं वळसा घालून या, मग बघा किती भरतंय.’ किराणा दुकानाचंही तेच म्हणणं, कारण गल्लीतून फिरून गेलं तर अंतर वाढतं. नियम मात्र स्पष्ट आहे. मोजायचं ते संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, आणि सरळ रेषेत, चोहोबाजूंनी. वळसा धरायचा नाही आणि फाटकही धरायचं नाही. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. क्रीडाशिक्षकांनी खो-खोचं मैदान आखायचा टेप काढला. समोरच्या बाजूला तो चालला, पण मागं घरं आडवी आली. तिथं नगर भूमापनाच्या नकाशाची प्रत काढली, शाळेच्या कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून प्रमाणात अंतर घेतलं आणि कंपासनं कमानी काढल्या. तिन्ही दुकानं आत आली. किराणा दुकान तर मागच्या भिंतीपासून इतकं जवळ निघालं की मुख्याध्यापकांनी स्वतः पुन्हा मोजून बघितलं. तो नकाशा हातात आल्यावर वाद घालणाऱ्यांचा आवाज खाली आला. तोंडी तक्रारीला कुणीही ‘तुमचं म्हणणं’ म्हणतं, नकाशाला तसं म्हणता येत नाही.

अर्ज समितीच्या ठरावासह, मुख्याध्यापकांच्या सहीनं गेला. सोबत नकाशा आणि तारीख-वेळ असलेले फोटो जोडले. फोटोत एकाही मुलाचा चेहरा येऊ दिला नाही, यावर मी अडून बसले होते. एका कार्यालयात सांगितलं, हे आमच्याकडं येत नाही. दुसरीकडं म्हणाले, आधी तिकडून पत्र आणा. म्हणून पुढचा अर्ज सगळ्यांच्या नावे एकत्रच काढला: पोलीस ठाणं, महापालिका, अन्न व औषध प्रशासन आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष. प्रत प्रत्येकाला, आणि प्रत्येकाकडून आवक क्रमांकासह पोच. पोच मिळाल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही, हे नव्यानं अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. उत्तर येईना तेव्हा माहिती अधिकारात विचारलं की या अर्जावर काय कारवाई झाली आणि सध्या तो कुणाच्या टेबलावर आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर कागद हलला.

दरम्यान शेजारपाजारी आमच्यावर नाराज झाले. ‘ज्याची त्याची मर्जी’, ‘गरिबाच्या पोटावर पाय’ असं ऐकून घ्यावं लागलं. माझं माहेर कागल तालुक्यातलं. निपाणीच्या बाजारात तंबाखू घालून आलेल्या पैशावर आमच्या भावकीतली लग्नं झाली आहेत, त्यामुळं या पिकावर किती घरं चालतात हे मला माहीत आहे. पण हा कायदा पीक बंद करत नाही आणि मोठ्या माणसाच्या हातातली पुडीही काढून घेत नाही. शाळेभोवती एक रेघ ओढतो, इतकंच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे त्यात थोडेच, बहुतेक खाणारे. यातल्या किती जणांनी शाळेच्या वयात सुरुवात केली असेल, हे आपल्या घरातल्या माणसांना विचारून बघावं. तेरा वर्षांच्या मुलाची मर्जी कसली? याच गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला. मुलांच्या भल्यासाठी कायदा वापरणं इथं नवं नाही.

पथक आलं, पंचनामा झाला, माल जप्त झाला, दंडाच्या पावत्या फाटल्या. दुसऱ्या खोक्यात सुगंधी तंबाखूचे डबे सापडल्यानं ते प्रकरण अन्नसुरक्षेकडं गेलं आणि ते खोकं बंद झालं. पानपट्टीवाल्या मामांशी मात्र आम्ही बोललो, कारण त्यांचं घर खरंच त्या खोक्यावर होतं. फेरीवाला म्हणून त्यांची नोंद होती. समितीनं त्यांच्या अर्जाला पाठिंब्याचं पत्र दिलं आणि त्यांना रेषेपलीकडं जागा मिळाली. ते आजही मला बघून आधी तोंड फिरवतात आणि मग ‘काय वैनी’ म्हणतात. मला ते पटतं. त्यांचं गिऱ्हाईक कमी झालं आहे.

त्या मुलाला दंतवैद्यांकडं नेलं. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषध सुरू झालं. घरी मावा खाणारे त्याचे वडीलच होते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो. तो त्यांना मुलानंच लावून दिला. वडिलांनी सोडली का? कमी केली आहे, असं त्याची आई सांगते.

रस्त्यावर आता शंभर यार्डांची पिवळी रेघ आहे आणि फाटकावर कायद्याचा फलक. किराणा दुकानाचं काम मात्र उरलं आहे. दुकान स्वतःच्या घरात, त्यामुळं ते हलणार नाही. विक्री थांबवायची आहे. दर्शनी माळा गेल्या, पण पुड्या गल्ल्याखाली ठेवल्या जातात असं मुलं सांगतात. त्यासाठी नवा अर्ज तयार आहे, या वेळी कलम ७७ पहिल्या ओळीत घातलं आहे. नकाशाची मूळ प्रत शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे. पेठेतल्या दुसऱ्या एका शाळेच्या समितीनं ती बघायला मागितली, तर शनिवारी क्रीडाशिक्षक टेप घेऊन तिकडं जाणार आहेत.