चिखलदऱ्याला कधी यायचं?

पुण्याचे मित्र, नागपूरचे साडभाऊ, अगदी आमच्या गावात बदलून आलेले नवीन मास्तर, सगळे एकच विचारतात, चिखलदऱ्याचा बरोबर सीझन कोणता, आणि तुम्ही बाराही महिने तिथं जाऊन करता तरी काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझं उत्तर एप्रिल आहे. एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "एप्रिलमध्ये? विदर्भात?" हो, एप्रिलमध्येच, पण आधी बाकीच्या महिन्यांचं बोलतो.

माझं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळाला येतं ते शहानूर धरणाचं, म्हणजे सातपुड्याचंच. पाऊस पडून हवा धुतली गेली की गच्चीवरून उत्तरेला निळी रेघ दिसते, तो गाविलगडचा डोंगर. लहानपणी आजी तिकडं हात करून म्हणायची, तिथून पाणी येते बाप्पा. त्यामुळे तिथं जाणं मला टुरिझम वाटतच नाही.

बहुतेक लोक येतात ऑगस्टमधल्या रविवारी, आणि पायथ्याच्या परतवाड्यापासून गाड्यांची रांग बघत वर पोचतात. धुकं सुंदर असतं, नाही म्हणत नाही. या डोंगराची दक्षिण बाजू भिंतीसारखी सरळ उभी आहे, खालच्या सपाटीवरून आलेले ढग तिला अडतात आणि वर चढतात, म्हणून देवी पॉइंटला उभं राहिलं की खालून ढग अंगावर येतात. पण रविवारी तिथं हॉर्नच ऐकू येतात, मंगळवारी या, तेच धबधबे, तोच भीमकुंड, आणि पाण्याचा आवाज. सायकलवाल्यांनो, पावसात घाट चढा पण उतरताना जपा, पायथ्यापासून सातशे मीटरच्या आसपास चढ आहे, म्हणजे तेवढाच उतार. एका वर्षी ओल्या घाटात उतरताना माझ्या ब्रेकचे रबर अर्ध्यातच घासून संपले, पाय टेकवत कशीबशी थांबवली आणि खालपर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. तेव्हापासून सॅकमध्ये रबरचा जास्तीचा जोड असतोच.

सायकल आणि पायी फिरायला खरा काळ डिसेंबर-जानेवारी. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे, पहाटे बोटं हँडलवर आखडतात. तेव्हा गाविलगड किल्ला सावकाश बघा, पूर्ण दिवस द्या. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो घेतला, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं, पण दक्षिणेचा कडा चढणं शक्यच नव्हतं. म्हणून स्टीव्हन्सनची तुकडी डोंगराला वळसा घालून तोफा ओढत उत्तरेकडून आली, कारण तिकडंच किल्ला पठाराला चिकटलेला आहे. किल्लेदार बेणीसिंह लढता लढता पडला. हे वाचून कळतं पण कड्यावर उभं राहून दोन्ही बाजू बघितल्या की पटतं.

आणि हिवाळ्यात सकाळच्या उन्हात रानपिंगळा दिसू शकतो, दिवसा फिरणारं छोटं घुबड. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता, ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, याच सातपुड्यात नंदुरबारकडं पुन्हा दिसला. मेळघाटातही आहे. मला आजवर दोनदाच दिसलाय, दोन्ही वेळा सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला, आणि दुसऱ्यांदा तर मी दुर्बीण डोळ्याला लावायचीच विसरलो, नुसता बघत राहिलो.

आता एप्रिल. होळीला इथले कोरकू आदिवासी पोरं-बाया रस्त्यात फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागत नाचतात, ते झालं की जंगल रिकामं होत जातं. सागाची पानं गळून खाली कोरडा थर जमतो, पावसाळ्यात दहा फुटांवरचं दिसत नाही तिथं आता टेकडीमागची टेकडी दिसते. आवाज लपत नाही, मुंगूस पळालं तरी पानं वाजतात. पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात, कोरकू बाया टोपल्या घेऊन वेचायला आलेल्या असतात, आणि त्याच फुलांना अस्वलही येतं म्हणून गडबडीनं आत घुसायचं नाही. सिपना नदीचं पात्र मधेमधे आटतं, डोह तेवढे उरतात, आणि सगळं जंगल तिथं पाणी प्यायला येतं. खाली अकोला-अमरावती भाजत असते, वर रात्री मात्र चादर लागते.

बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या मचाणावर मी एक रात्र काढलीय. वाघ दिसला नाही. रात्री दोनच्या सुमारास सात रानगवे पाणवठ्यावर आले, मधे वासरू. चांदण्यात त्यांच्या पायाचे पांढरे मोजे आधी दिसले, अंग नंतर. त्यांचं पाणी पिणं मला वर ऐकू येत होतं आणि शेजारच्या गार्डनं फक्त माझ्या मनगटाला हात लावून 'हलू नका' सांगितलं.

मेळघाट १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला आहे, तेव्हा गाभ्यात पायी किंवा सायकलवर जायचं नाही, सार्वजनिक रस्ता सोडायचा नाही, अंधाराआधी जंगलातून बाहेर पडायचं. एप्रिलमध्ये येणार असाल तर परतवाड्याहून पहाटे पाचला निघा, दहाच्या आत घाट संपवा, माणशी तीन लिटर पाणी ठेवा. दुपारी मोथा गावच्या गवळ्याकडची रबडी खाऊन सावलीत झोप काढा आणि चारनंतर परत बाहेर पडा. मी असेन तिथंच कुठेतरी, फोन लागणार नाही.