पोर्तुगाली कसाचे हॅम्बुर्गी सोने

जुन्या जर्मन नगरराज्यांची सुवर्णनाणी मुंबईत बसून अभ्यासायची, तर लिलावांच्या सूचीपत्रांवर आणि त्यांतील छायाचित्रांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. त्यांत हॅम्बुर्गच्या ‘पोर्तुगालोझर’ या नाण्याविषयी मला विशेष कुतूहल आहे, कारण त्याचा धागा थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याशी जुळतो.

वास्को द गामा १४९९ मध्ये मायदेशी परतल्यावर पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याने दहा क्रुझादो (पोर्तुगालचे सोन्याचे नाणे) किमतीचे, सुमारे ३५ ग्रॅम वजनाचे सोन्याचे नाणे पाडले आणि त्यावर इथिओपिया, अरबस्तान, इराण व भारत येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी अशी स्वतःची बिरुदावली कोरली. (कालिकतच्या सामुरी राजाने ती वाचली असती, तर त्याला हसू आवरले नसते.) मसाल्यांच्या व्यापारातून हे नाणे उत्तर युरोपात पोहोचले आणि तिथे त्याची पत इतकी वाढली की, सोळाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे मुंबई बेटे पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, हॅम्बुर्गने त्याच वजनाचे आणि तसाच क्रूस असलेले स्वतःचे नाणे काढले, ते ‘पोर्तुगालच्या वजनाप्रमाणे व कसाप्रमाणे’ असल्याची ग्वाहीही त्यावर छापली.

दहा डुकाटांचे (डुकाट म्हणजे युरोपातले छोटे सुवर्णनाणे) हे नाणे बाजारहाटासाठी फार मोठे होते. ते प्रामुख्याने मानाची भेट म्हणून दिले जाई, त्यामुळे मुळातच थोडे पाडले गेले आणि त्यांतीलही बरेच पुढे वितळवले गेले. न्यूरेंबर्गचा १७०० सालचा, पृथ्वीगोलावर निशाण घेऊन उभ्या कोकराचा डुकाट अधिक प्रसिद्ध आणि निःसंशय अधिक देखणा आहे. परंतु तेच साल ठेवून तो पुढेही पाडला जात राहिल्याने त्याला दुर्मीळ म्हणताना मी हात आखडता घेतो.

साध्या डुकाटाचे प्रमाण पवित्र रोमन साम्राज्याने १५५९ मध्ये ठरवून दिले होते: कोलोनच्या एका मार्कात (वजनाच्या जुन्या मापात) ६७ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.४९ ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोने. व्हेनिसचा डुकाटही याच तोलाचा होता, आणि त्याच्याच नकलांतून आपल्याकडील पुतळ्यांची माळ घडली. जर्मन घरांतही भेटीची नाणी कडी जोडून गळ्यात घातली जात. कडी काढल्याची खूण दिसली की लिलावात नाण्याचा भाव उतरतो. मला मात्र, ऐपत असती तर, तसेच वापरलेले नाणे घ्यायला आवडले असते.