कोरा रकाना

रात्री पाऊण वाजता दिघ्याहून रिक्षाने आलेली बाई. दुसरी खेप, दिवस भरलेले, पिशवीचं तोंड ७ सेंटीमीटर उघडलेलं. नाव गावी नोंदलेलं, आठव्या महिन्यात नवऱ्याकडे आलेली. कार्डावर हिमोग्लोबिन, एचआयव्ही, व्हीडीआरएल सगळं लिहिलेलं. एचबीएसएजीचा, म्हणजे हेपॅटायटिस बी या यकृताच्या संसर्गाच्या तपासणीचा, रकाना तेवढा कोरा. "सगळं नॉर्मल आहे हो," सासूबाई म्हणाल्या. कोरा रकाना म्हणजे निगेटिव्ह नव्हे. रॅपिड कार्ड लावलं. १५ मिनिटांनी कंट्रोलच्या, म्हणजे कार्ड चालतंय हे दाखवणाऱ्या, रेघेच्या जोडीला दुसरी रेघ उमटली, फिकट. फिकट असली तरी पॉझिटिव्हच.

२ वाजून १० मिनिटांनी मुलगी झाली, २.६ किलो. हेपॅटायटिस बी मोठेपणी झाला तर शंभरात पाच जणांच्याही अंगात तो कायमचा राहत नाही. बाळंतपणात बाळाला झाला तर नव्वदांच्या अंगात राहतो. म्हणून लस शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, आणि अशा बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, १२ तासांच्या आत.

लस घ्यायला फ्रिज उघडला. कुणीतरी व्हायल मागच्या गारठलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यावरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता लागली की गडद होणाऱ्या खुणेचा, आतला चौकोन पांढरा, म्हणजे उत्तम. पण तो फक्त उष्णता दाखवतो, गारठा नाही. हलवून उजेडात धरली तर दुधट होण्याऐवजी पांढरे कण दिसले आणि भराभर तळाशी बसले. या लसीतली ॲल्युमिनियमची संयुगं गोठली की गुठळी धरतात, मग लस निकामी. नियमाप्रमाणे शेक टेस्ट, म्हणजे हलवून पाहण्याची तपासणी, करायची तर त्याच बॅचची दुसरी व्हायल गोठवून, वितळवून तुलनेला शेजारी ठेवायची. तेवढी रात्र हातात नव्हती. ती बाजूला ठेवली, शेजारच्या केंद्रातून दुसरी मागवली.

तोवर बाळाच्या अंगावरचं रक्त नीट पुसून काढलं. सुई रक्ताळलेल्या कातडीतून आत जाता कामा नये. ३ वाजता डाव्या मांडीत बाहेरच्या बाजूला ०.५ मिलि लस दिली.

इम्युनोग्लोब्युलिन आमच्याकडे नसतं. नवऱ्याला ठाण्याला पाठवलं. फोनवर तीन वेळा सांगितलं: थर्माकोलचा डबा घ्या, व्हायल कागदात गुंडाळा, बर्फाला टेकू देऊ नका. हे औषधही गोठवून चालत नाही. पहाटेच्या लोकलने तो डबा मांडीवर घेऊन आला. १०० युनिट, काही हजारांचं. पावणेसहाला उजव्या मांडीत, वेगळ्या सिरिंजने.

"एवढ्याशा जिवाला दोन-दोन सुया?" सासूबाई. त्यांना खरी धास्ती दुधाची आणि ताटवाटीची. दूध पाजायला काहीच हरकत नाही, स्तनाग्रातून रक्त येत असेल तेवढी काळजी घ्यायची. ताटवाटीतून हा आजार जात नाही. नवरा आणि चार वर्षांचा थोरला यांचं मात्र रक्त तपासायला हवं, निगेटिव्ह आले तर लस. आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, काढायचा. सातव्या महिन्यात कळलं असतं आणि तो दोन लाखांच्या वर निघाला असता, तर टेनोफोविर हे विषाणू दाबणारं औषध सुरू करता आलं असतं. राग येतो तो इथे.

बाळाचे पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीतून. तपासणी नऊ महिन्यांनंतर: विषाणू आहे का (एचबीएसएजी) आणि लशीने संरक्षण आलं का (अँटी-एचबीएस). आधी केली तर बाहेरून दिलेल्या अँटिबॉडीच दिसत राहतात.

सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे गणपती झाल्यावर." कार्डावर लाल पेनाने तसंच लिहिलं: गणपतीनंतर, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस.