जवळ न जाता केलेली शुश्रूषा

लिंकनशायर हा इंग्लंडच्या पूर्वेकडचा, गव्हा-बटाट्यांच्या शेतीचा सपाट परगणा आहे, आणि तिथल्या धान्याच्या कोठारांत, गोठ्यांत आणि यंत्रांच्या शेडमध्ये माणसाला अंगाला हात लावू न देणारी मांजरे राहतात. नोकरीनिमित्त तिथे गेल्यावर मी सुट्टीच्या दिवशी एका प्राणिनिवाऱ्यात मदतीला जाऊ लागले, ते खरे तर कुत्र्यांच्या ओढीने. पण कुत्र्यांकडे स्वयंसेवकांची रांग असते आणि रानटी मांजरांकडे कोणी फिरकत नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला मांजरे आली. १९२७ साली स्थापन झालेली ‘कॅट्स प्रोटेक्शन’ आणि तिच्यासारख्या इतर संस्था अशा मांजरांना पकडतात, त्यांची नसबंदी करतात आणि जिथून आणले तिथेच नेऊन सोडतात. भुलीत असतानाच कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असते, म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच कळते की या मांजरीला पुन्हा पकडण्याचे कारण नाही. तिथे नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच शिकवतात, की अशी मांजर आजारी असली तर तिची काळजी घ्यावी, पण तिच्या जवळ जाऊ नये.

यामागे कारण आहे. मांजरीच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ फार थोडा असतो. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसाचा हात, आवाज आणि वास मिळाला नाही, ते मोठेपणी माणसाला शत्रूच समजते, आणि मग कितीही लाड केले तरी ही भीती सहसा जात नाही. जखमी होऊन गप्प पडलेली रानटी मांजर पाहिली की लोकांना ती गरीब वाटते, आणि ते तिला कुरवाळायला जातात. प्रत्यक्षात ती भीतीने थिजलेली असते. हाताला विरोध करण्याची ताकद तिच्यात उरलेली नसते, इतकाच त्या शांतपणाचा अर्थ.

हे शिक्षण मला यंदा उपयोगी पडले ते आपल्या गावी. जमिनीच्या फेरफारासाठी लांब रजा काढून मी हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या घरी आले होते. वेचणी सुरू होती, भाव चढेल या आशेने समोरच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरून ठेवलेला होता, आणि एका सकाळी गोठ्यामागच्या सोयाबीनच्या कुटारात आमच्या सालदाराला एक भाटी, म्हणजे मादी मांजर, दिसली. पुढच्या पायांवर अंग ओढत ती ढिगात शिरू पाहत होती आणि मागचे दोन्ही पाय तिच्या मागून फरफटत येत होते. ही भाटी घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. कापसातल्या आणि धान्यातल्या उंदरांवर ती जगत असे, माणूस दिसला की धुऱ्याकडे धूम ठोकत असे, आणि तिला कोणी नाव दिलेले नव्हते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे वावरात खरी रानमांजरही फिरते. रानमांजर ही वेगळी जात आहे. तिचे पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळ्या कड्यांची, अंगाचा रंग मळकट पिवळसर आणि कानाच्या टोकाला केसांचा लहान झुपका असतो. ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, म्हणून ती जखमी सापडल्यास घरी न आणता वनविभागाला कळवावे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. आमची भाटी मात्र पट्ट्यापट्ट्यांची, लांब शेपटीची, साधी मांजरच होती.

अशा मांजरीला हाताने पकडू नये. तिच्या सुळ्यांपुढे चामड्याचे हातमोजेही टिकत नाहीत, आणि इंग्लंडात व भारतात या बाबतीत जो फरक आहे तो लहान नाही. ब्रिटनमधल्या जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज उरलेला नाही, त्यामुळे तिथे मांजर चावली तर काळजी असते ती जखम चिघळण्याची. आपल्याकडे अनोळखी मांजरीचा चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा म्हणजे साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करणे. ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. जखमेवर तिखट किंवा चुना लावून घरी बसणारी माणसे मी याही वेळी पाहिली, आणि त्यांना दवाखान्यात पाठवायला मांजरीवरच्या उपचारांपेक्षा जास्त बोलावे लागले.

सालदारभाऊंनी कोंबड्या झाकायचे डालगे आणून वरून अलगद तिच्यावर पालथे घातले, त्यावर गोधडी टाकली, आणि मी पत्र्याचा एक सपाट तुकडा जमिनीलगत खालून सरकवला. दोरीने सगळे आवळले की झाले. निवाऱ्यात याच कामासाठी महागडे सापळे असतात; डालगे त्यांच्याहून कमी आवाज करते, हे मी तिथल्या लोकांना जाऊन सांगणार आहे. अंधार होताच तिचे गुरगुरणे थांबले.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जाळीतूनच तिला वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि क्ष-किरण तपासणीसाठी नागपूरला न्यायला सांगितले. काकू म्हणाल्या, “मानसाले न्याले गाडी भेटत नाई, अन्‌ तू मांजरीले नागपूरले नेतं?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी गाडी मिळाली. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचे आहे आणि ते आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. तिथे गुरांसोबत कुत्री-मांजरेही येतात. भूल दिल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी तिचे पंजे उघडून दाखवले. चारही पायांची नखे टोकाला चिरफाळून झाडूसारखी झाली होती आणि बोटांच्या फटींत वाळलेली काळी माती घट्ट बसली होती. वाहनाची धडक बसते तेव्हा मांजर रस्त्याला नखे रोवायचा प्रयत्न करते, म्हणून नखांवरून अपघाताचा अंदाज येतो. क्ष-किरण चित्रात कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडा दिसला. सुदैवाने सांधा शाबूत होता आणि पायांत संवेदना होती. मांजरीच्या कमरेचे असे अस्थिभंग पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय जुळतात, मात्र त्यासाठी चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात सक्त विश्रांती लागते.

पिंजरा तालुक्याच्या वेल्डरकडून करून घेतला. तो एरवी खिडक्यांच्या ग्रिल आणि गोठ्यांची फाटके करतो. पिंजऱ्याची उंची जेमतेम दोन फूट ठेवायला सांगितली, कारण उंच पिंजऱ्यात मांजर उडी मारते आणि जुळत आलेले हाड पुन्हा हलते. मधोमध वरून सरकणारी फळी बसवली. एका बाजूला तिची लपायची जागा, म्हणजे आडवे ठेवलेले लाकडी खोके, आणि दुसऱ्या बाजूला अन्न, पाणी आणि मातीचे घमेले. ती खोक्यात असताना फळी खाली सोडायची, दुसरी बाजू साफ करायची, फळी वर उचलायची आणि निघून जायचे. असे केल्याने तिच्या अंगाला एकदाही हात लावावा लागत नाही. पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी जाड चादर टाकली आणि तो गोठ्यालगतच्या अवजारांच्या खोलीत ठेवला, जिथे माणसांची ये-जा कमी होती आणि रात्रीची थंडीही फारशी शिरत नव्हती.

खरी अडचण पुढे आली. नागपूरला जाऊन आलेली मांजर पाहायला अख्खे गाव येऊ लागले. इंग्लंडात ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली की माणसे परत जातात. गावात पाटी लावली तर ती वाचायला चार माणसे जास्त येतात. शेवटी बाबांनी खोलीच्या दाराशी बाज टाकली आणि दुपारी तिथेच पडू लागले. त्यांना ओलांडून आत जाण्याची कोणाची हिंमत नव्हती. लहान मुलांना मी एक काम दिले. चादरीला बोटभर छिद्र होते, त्यातून पाळीपाळीने बघून ती झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. झोपलेल्या निरोगी मांजरीचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात; ते सतत वाढत गेले किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे लागते. मुले मोजताना इतकी गप्प राहत की मला नवल वाटे.

औषधांबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जखमी मांजर जखमेपेक्षा घरगुती उपायाने मरण्याचा धोका आपल्याकडे मोठा आहे. ताप-दुखण्यावर घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरीसाठी विष आहे. ते औषध मोडून बाहेर टाकणारी यंत्रणा तिच्या यकृतात फार दुबळी असते, त्यामुळे तिच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तिचा जीव घ्यायला पुरेशी आहे. गोठा धुवायचे फिनाईल आणि जखम धुवायचे डेटॉलही तिला चालत नाही, कारण ती अंग चाटते आणि ते पोटात जाते. गुरांच्या गोचिडांवर मारायचे औषध तिच्या अंगाला लागले तर झटके येऊ शकतात. गुरांच्या जखमेत किडे पडले की आपण टर्पेंटाइन ओततो किंवा डांबरगोळीची पूड भरतो. तेही मांजरीच्या बाबतीत करू नये. तिच्या मांडीवरच्या खरचटलेल्या जागेला नागपूरला भुलीतच सलाईनच्या पाण्याने धुतले होते, आणि त्यानंतर आम्ही तिथे काहीही लावले नाही. हळदसुद्धा नाही, यावर आईचा राग बरेच दिवस टिकला.

इंग्लंडात एकदा टोचले की सुमारे दोन आठवडे पुरणारे प्रतिजैविक रानटी मांजरांना देतात. इथे तालुक्याला ते मिळाले नाही, म्हणून डॉक्टरांनी अन्नात मिसळून देता येईल असे औषध निवडले. त्यासाठी मांजर भुकेली हवी आणि अन्न तिला आवडणारे हवे, आणि आमचे बाबा माळकरी. कोंबडीचा विषय मी भीत भीत काढला. ते म्हणाले, “घरात नोको, गोठ्यामांगं शिजव. तिचा धर्म तिले.” मग आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन विटांच्या चुलीवर, मीठ, कांदा, लसूण न घालता शिजू लागली. कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या रश्शातला तुकडा धुऊन दिला तरी तो योग्य नाही. मांसासोबत काळीज-हृदयाचे थोडे तुकडे दिले, कारण त्यांतून मिळणारे टॉरिन हे पोषकद्रव्य मांजरीच्या शरीराला स्वतः पुरेसे तयार करता येत नाही. दूध-पोळी दिली नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि कंबर मोडलेल्या मांजरीला जुलाब लागले तर तिचे हाल होतात.

पहिल्या रात्री तिने काही खाल्ले नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साचू लागते, त्यामुळे ही काळजी खरी होती. दुसऱ्या रात्री खोलीतला दिवा मालवून आम्ही सगळे लांब गेल्यावर ताटली रिकामी झाली. रानटी मांजरांचे हे असेच असते. तुमच्यादेखत त्या उपाशी राहतील, पण खाणार नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट घमेल्यात पाहायची असते. कमरेला मार लागलेल्या मांजरीला लघवी होते की नाही, यावर पुष्कळ काही ठरते. २४ तासांत लघवी झाली नाही तर थांबता येत नाही. बाजारातली रेती किंवा कागद अशा मांजरीला कळत नाही, म्हणून घमेल्यात वावरातलीच कोरडी माती चाळून घातली होती. सकाळी त्यात उकरलेला ओला खड्डा दिसला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला, आणि आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती इथे लिहीत नाही.

फेरतपासणीत हाड जुळलेले दिसल्यावर त्याच भुलीत तिची नसबंदी करून घेतली. यामागे संख्या आटोक्यात ठेवण्याचा हेतू होताच, पण तिच्या बाबतीत आणखी एक निकड होती. कंबरेचे हाड जुळताना आतला मार्ग अरुंद होऊ शकतो, आणि अशा भाटीला पुढे पिल्ले झाली तर ती अडकून आई आणि पिल्ले दोन्ही जाण्याची भीती असते. कानाचे टोकही कापून घेतले. गावात या खुणेचा अर्थ कोणाला ठाऊक नाही, पण आता निदान आमच्या गल्लीतल्या मुलांना आहे.

काकू सुरुवातीपासून म्हणत होत्या, “जीव लावून कायले रायली? बरी झाली का पयून जाईन थे.” तिला पळून जाता यावे यासाठीच सगळा खटाटोप होता, त्यामुळे यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. तिला सोडले तेही कुटाराच्या ढिगाजवळच. मांजर आपल्या हद्दीत जगते. तिला दुसऱ्या गावात किंवा चांगल्या वाटणाऱ्या शेतात नेऊन सोडले तर अन्न, आडोसा आणि शत्रू यांची काहीच माहिती नसल्याने ती भरकटते. पिंजऱ्याचे दार उघडल्यावर ती आमच्याकडे न बघता, डाव्या मागच्या पायाने किंचित लंगडत, पण वेगाने तुरीच्या ओळींत शिरली. कापसाच्या खोलीत उंदरांच्या शेपट्या पुन्हा सापडू लागल्या आहेत, असे बाबांनी परवाच फोनवर सांगितले.

पिंजरा आमच्या गोठ्यात ठेवलेला आहे. आसपासच्या गावांत कोणाला लागला तर बाबांना सांगून न्यावा. परत करताना साध्या साबणाने धुऊन, दिवसभर उन्हात वाळवून द्यावा. फिनाईल वापरू नये.